पाच महिने अकरा दिवस

वडसा, १८ नोव्हेंबर २०२४

दिव्यानी,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवते आहे. तसंही फोनवर भांडायला मला आवडत नाही. फोनवर बोललेलं माणूस दुसऱ्या दिवशी झटकून टाकतं. कागदावरचं झटकता येत नाही.

मुद्द्यावर येते. दिवाळीनंतर तालमीला सगळे आले, तू आली नाहीस. या सीझनला आपल्या कंपनीचे एकेचाळीस प्रयोग ठरले आहेत आणि प्रत्येक पोस्टरवर तुझा फोटो आहे. पोस्टर पोळ्याच्या आधीच छापून गेले. तो फोटो बघून गावागावांच्या मंडळांनी तारखा दिल्या. झाडीपट्टीत लोक नाटकाचं नाव विसरतात, नटीचं विसरत नाहीत, हे तुला सांगायला नको. "मले न विचारता फोटो कसा छापला?" असं तू आपल्या मॅनेजरला, प्रफुलला, म्हणालीस म्हणे. विचारायचं काय? तू पाच सीझनच्या करारावर सही केली आहेस. झाले फक्त दोन.

तू बारावी झालेली मुलगी आहेस, म्हणून समजावून लिहिते. मी चंद्रपूरला बी.कॉम. केलं तेव्हा व्यापारी कायद्याचा पेपर शंभर मार्कांचा होता आणि मला त्यात त्र्याहत्तर होते. एकाने प्रस्ताव मांडायचा, दुसऱ्याने तो आहे तसा स्वीकारायचा. दोघांनी एकमेकांना काही ना काही द्यायचं. त्याला मोबदला म्हणतात. दोघांची राजीखुशी असायला हवी, धाक नको, फसवणूक नको. आणि ठरलेलं काम कायद्याला धरून असावं. एवढं जमलं की ती नुसती बोली राहत नाही, कोर्टात उभा राहील असा करार होतो. मी तुला नायिकेचं काम देऊ केलं, तू हो म्हणालीस. मी तुला शिकवलं, माझ्या घरात ठेवलं, तू खेळलीस. तुझ्या वडिलांनी साक्षीदार म्हणून सही केली. यात कुठे भोक आहे ते दाखव. पुस्तकात आणखी एक अट असते, पण ती इथे उगाळायचं कारण नाही.

तुझा शाळा सोडल्याचा दाखला माझ्या ट्रंकेत सुरक्षित आहे. पाच सीझन पूर्ण झाले की तो तुला मिळेल, हेही करारातच लिहिलेलं आहे. सात दिवसांत तालमीला हजर हो.

अंजना वालदे
मालक, श्रमरंग नाट्यमंडळ

ता.क. तुझा हिरवा स्वेटर इथेच राहिला आहे. गडचिरोलीला थंडी पडली असेल.


वडसा, ३ डिसेंबर २०२४

दिव्यानी,

पोस्टाची पोच आली. तिच्यावर तुझी सही आहे, म्हणजे पत्र मिळालं. सात दिवस केव्हाच संपले.

तुझ्या बापाला विचारलं. सोमाजी बावीस वर्षं माझ्या कंपनीचे पडदे ओढतो, पण या बाबतीत त्याचं तोंड उघडत नाही.

"पोरगी काय करते गडचिरोलीला?"

"धावते म्हणते, बाई."

"कुठे धावते?"

"ग्राउंडवर."

एवढंच. बाकीचं प्रफुलकडून कळलं. पोलीस भरतीचा फॉर्म तू उन्हाळ्यातच भरलास. मैदानी झाली, लेखी झाली, दोन्हीत तुझं नाव आलं आणि आता २० जानेवारीला कागदपत्रांची पडताळणी आहे. तिथे मूळ दाखला दाखवावा लागतो. नाही दाखवला तर यादीतून नाव जातं.

हेही कळलं की तू शाळेत जाऊन दुसरी प्रत मागितलीस. मुख्याध्यापकांनी दाखला हरवल्याचं प्रतिज्ञापत्र मागितलं, तेव्हा तू म्हणालीस, "हरवला कुठी, सर? बाईपाशी हाय. खोटं कसं लिहू?" प्रफुलने हे हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. शंभर रुपयांच्या कागदावर एक ओळ खोटी लिहिली असतीस तर काम झालं असतं.

पोलिसात जाणार तू? नाटकात हवालदार आला की विंगेत तोंडावर पदर धरून हसायचीस ती? तुला स्टेजवर मी उभं केलं आहे. पहिल्या प्रयोगाला तुझे पाय इतके कापत होते की पैंजण विनाकारण वाजत होते आणि तबलजी वैतागला होता. मी विंगेतून ओरडले, "पाय रोव!" आणि तू रोवलेस. त्यानंतर दोन सीझन गावोगाव लोकांनी तुला डोक्यावर घेतलं. ते सगळं सोडून कोणत्या तरी आउटपोस्टला रात्रंदिवस पहारा देणार?

गडचिरोलीला हरिदास वकिलाकडे जाऊन आले. कॉलेजात तो माझ्या वर्गात होता. त्याला व्यापारी कायद्यात छत्तीस होते. त्याने करार दोनदा वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "अंजना, अक्षर लय सुंदर हाय तुयं." मग एक-दोन बारीकसारीक प्रश्न विचारले. नोटीस तो पुढच्या आठवड्यात काढेल.

घाबरवायला सांगत नाही. तुला माहीत असावं.

अंजना वालदे


गडचिरोली बसस्थानक, २२ डिसेंबर २०२४

दिव्यानी,

वडशाची बस लागायची आहे, तोवर लिहिते. हात टेकवायला जागा नाही, अक्षर वाकडं येईल.

पत्रकं छापायच्या कामाने आले होते. सकाळी मैदानावरून जाणं झालं. छापखाना त्या बाजूला नाही हे तुला ठाऊक आहे, त्यामुळे तसं लिहून उपयोग नाही. तुला पाहायला आले होते.

तू बाहेरच्या कडेने धावत होतीस. पुढे तिघी होत्या. शेवटच्या फेरीला तू एकेक करून तिघींना मागे टाकलंस आणि थांबल्यावर गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून, एकटीच हसलीस. बघायला कोणी नव्हतं. पानठेल्याच्या आड मी होते, पण ते तुला माहीत नव्हतं. मी तुला रडायचं शिकवलं, लाजायचं, चिडायचं, बेशुद्ध पडायचं शिकवलं. हे हसू कुठून आणलंस?

पिशवीत तुझा स्वेटर होता. द्यायचा तर बोलावं लागलं असतं. परत घेऊन चालले आहे.

नोटीस निघालेली नाही. हरिदास म्हणतो, "अंजना, कोर्ट कोणाले नाचायला लावत नाई. फार तर नुकसानभरपाई माग म्हणंन. पोलिसात गेलेल्या पोरीले ओढून आणून साडी नेसवून स्टेजवर उभी कर, असा हुकूम आजवर कोण्या जज्जानं काढला नाई." त्यानंतर त्याने पुन्हा तोच प्रश्न विचारला, जो गेल्या वेळी विचारला होता. मी म्हटलं, घरी जाऊन बघून सांगते. बघायचं काय? मला पाठ आहे.

जाऊ दे. बस लागली.

अंजना वालदे


बोरटोला, ९ जानेवारी २०२५, सकाळ

दिव्यानी,

तुझ्या गावातून लिहिते आहे. काल इथे मंडईची जत्रा होती आणि आपला प्रयोग होता. तुझा फोटो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर अजून आहे. कोणीतरी त्याला कोळशाने टोपी आणि बिल्ला काढला आहे.

काय झालं ते तुला दहा तोंडांनी कळेल. माझ्या तोंडून आधी ऐक.

दुपारी ट्रक पोचला. सोमाजी आणि दोघे जण स्टेजचे खांब रोवत होते. तुमच्या मंडळाचे अध्यक्ष वामनराव आले, मागे पंधरा-वीस माणसं.

"बाई, आमची दिव्यानी कुठी हाय?"

"ती या सीझनला नाही. माधवी करते तिचं काम."

"माधवीबाई? मागच्या साली दिव्यानीची माय झाल्या होत्या न त्या?"

माणसं खो-खो हसली. ट्रकमधून माधवी ओरडली, "पावडर लावू द्या, वामनभाऊ! मी बी अठराची दिसतो!"

वामनरावांनी खिशातून कागद काढला. आपणच मंडळांना देतो तो बुकिंगचा छापील करार. "कलम चार. तुमचंच हाय. पोस्टरवरची नटी बदलली तर मंडळ प्रयोग नाकारू शकते. वाचू का मोठ्यानं?"

ते कलम मीच घातलेलं. गावांचा विश्वास बसावा म्हणून. घालताना वाटलं होतं, नटी बदलायची वेळच येणार नाही. दाखला ट्रंकेत असतो ना.

मी म्हटलं, "नाकारायचा आहे का?"

"नाई. नाटक होऊ द्या. फक्त पोरीचा दाखला देऊन टाका. इथी, चार लोकांपुढं कबूल करा, मंग पडदा लागंन."

मला राग आला. निम्मं सामान उतरलेलं. दहा गावांची माणसं सतरंज्या घेऊन जागा धरायला निघालेली. मी आवाज चढवला. "वामनराव, माझा ट्रक अडवून, माझी माणसं उन्हात उभी करून तुम्ही माझ्याकडून कबुली काढाल, तर ती कबुलीच नाही. जिथे नाही म्हणायची सोय नसते, तिथे हो म्हणण्याला कायद्यात काडीची किंमत नाही!"

माझा आवाज तुला माहीत आहे. शेवटच्या रांगेपर्यंत जातो. 

सोमाजी खांद्यावर पडद्याचा दोर घेऊन उभा होता. त्याने मान वर केली नाही. दोराकडेच बघत म्हणाला, "मंग बाई, माह्या पोरीले होती का सोय?"

बावीस वर्षांत त्याने मला विचारलेला हा पहिला प्रश्न.  विंगेतून कोणी वाक्य सुचवेल म्हणून वाट पाहावी तशी मी उभी राहिले.

शेवटी वामनरावांनीच कागदाची घडी घातली. "लावा पडदा, सोमाजी. आमी तारीख देली म्हणजे देली. बाईचं बाई पाहून घेईन." दाखल्याचं नाव पुन्हा काढलं नाही. ते भांडले असते तर मला सोपं गेलं असतं.

प्रयोग झाला. माधवी झाडामागून लाजत आली तेव्हा पुढून कोणीतरी ओरडलं, "ओ काकू, घरी जा, पोरं रडून राह्यले!" ती थांबली, त्याच्याकडे वळली आणि म्हणाली, "तूच हायस का रे त्यातला?" सगळं मैदान उसळलं. तुला आवडलं असतं.

आता पहिल्या पत्रात जी अट उगाळली नव्हती, ती लिहिते. तू ती विचारली नाहीस. तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि आपण दोघींनी ती अडीच वर्षं तोंडातून काढली नाही.

२९ ऑगस्ट २०२२. पोळा होऊन तीन दिवस झाले होते. आमची जुनी नायिका लग्न करून गेली होती आणि एकही गाव तारीख द्यायला तयार नव्हतं. तू आणि सोमाजी माझ्या ऑफिसात आलात. दोन खुर्च्या मोकळ्या होत्या. सोमाजी खाली बसला, म्हणून तूही खाली बसलीस. मी तुझ्या हातून दाखला घेतला आणि जन्मतारीख वाचली: ९ फेब्रुवारी २००५. मग करारात माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'वय १८ वर्षे पूर्ण.' तू ते उलटं वाचलंस. म्हणालीस, "बाई, मले अठरा नाई झाले अजून." मी म्हटलं, "होतीलच की." सोमाजीकडे बघून म्हटलं, "काय सोमाजी?" तो काय म्हणणार होता? त्याची भाकर माझ्या कंपनीत होती.

पाच महिने अकरा दिवस कमी होते. मी तेव्हाच बोटांवर मोजले होते.

सज्ञान नसलेल्याशी केलेला करार शून्य असतो. मोडता येतो असं नाही. तो झालेलाच नसतो. पुस्तकात हे पहिल्या पन्नास पानांत आहे. छत्तीस मार्कवाल्यालाही येतं. हरिदासला मी परवा तुझी जन्मतारीख सांगितली, तरी वाद घातला. म्हटलं, अठरा झाल्यावर ती पुढचा अख्खा सीझन खेळली, म्हणजे तिने मान्यच केलं ना? तो म्हणाला, "जे जन्मलंच नाई त्याचं मांगून बारसं कसं कराचं, अंजना?"

दाखला ठेवून घ्यायची पद्धत माझीच. एक नटी अर्ध्या सीझनमधून निघून गेली, तेव्हापासून सुरू केली. तुझा ठेवताना मात्र आणखी एक गोष्ट मनात होती. त्या तारखेवर ट्रंकेचं झाकण बसलेलं बरं वाटायचं.

त्याच ट्रंकेत तळाशी माझाही दाखला आहे, १९८५ सालचा. नागपूरच्या लॉ कॉलेजात द्यायचा होता. वडील म्हणाले, एक सीझन कंपनी बघ, मग जा. माझ्याकडून कोणी सही घेतली नव्हती. गरजच पडली नाही.

माफी मागायची मला सवय नाही, आणि सवय नसलेली माणसं ती वाईट मागतात. तुला शिकवलेलं एकच वाक्य आठवतं: संवाद सुचत नसेल तर हातातलं काम पुरं कर, प्रेक्षक समजून घेतात.

ट्रक हॉर्न वाजवतो आहे. उतरले की ट्रंक उघडते.

अंजना


वडसा, १५ जानेवारी २०२५

दिव्यानी,

उतरले की उघडते असं लिहिलं होतं. सहा दिवस लागले. रोज किल्ली कमरेला खोचून तालीम घेतली, जुन्या वह्या आवरल्या, प्रफुलवर खेकसले, माधवीला दोनदा रडवलं. ट्रंकेवर बसून जेवले, पण उघडली नाही. ती रिकामी झाली की पुढच्या पोळ्याला पोस्टरवर कोणाचा फोटो लावायचा, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. आजही नाही. पण वीस तारखेला पाच दिवस राहिले आहेत, आणि हे पाच दिवस तरी माझ्या हातून जाऊ नयेत.

आज सकाळी उघडली. दाखला ठीक आहे. वाळवी नाही, ओल नाही. एका कोपऱ्यावर हळदीचा डाग आहे, तो आधीपासूनच होता. त्यावरून पडताळणीत कोणी काही म्हणालं तर मला फोन लाव. मी तरी उचलेन.

पोस्टावर भरवसा ठेवला नाही. सोमाजी स्वतः घेऊन येतो आहे. मी त्याला म्हटलं, दोन दिवस सुट्टी घे. तो म्हणाला, "सुट्टी कशी मांगतात, बाई? मांगलीच नाई कधी." मग पिशवी छातीशी धरून तो स्टँडवर गेला आणि बस यायला अजून तासभर आहे. हे पत्र तिथेच नेऊन देते.

पिशवीत तीन गोष्टी आहेत. दाखला, प्लास्टिकमध्ये. तुझा हिरवा स्वेटर. आणि आपला करार, दोन्ही प्रती. फाडणार होते, पण फाडलेला कागद पुढे कोणाला काही सांगत नाही. म्हणून प्रत्येक पानावर आडवं 'शून्य' लिहिलं आहे आणि खाली माझी सही व आजची तारीख. जिथे तुझं वय लिहिलं होतं तिथे काट मारून खरं वय लिहिलं आहे: सतरा वर्षे, सहा महिने, वीस दिवस.

हरिदासला कळवलं की नोटीस नको. त्याने फी विचारली. मी म्हटलं, छत्तीस मार्कांना फी नसते.

पोलीस भरतीबद्दल माझं मत बदललेलं नाही. काळजी वाटते आणि वाटत राहील. पण तो माझा प्रश्न आहे, तुझ्या कागदांत त्याला जागा नाही.

एक सूचना करते. अट समजू नकोस. टेबलामागच्या साहेबाने कागद उलटसुलट करायला सुरुवात केली की तुझी मान खाली जाते, मी पाहिलं आहे. माझ्यासमोरच गेली होती. तिथे पाय रोवून उभी राहा.

खाली पोच लिहिली आहे. ती भरून सोमाजीच्या हाती पाठव. माझ्या सवयी इतक्या लवकर जात नाहीत. दिलेल्या वस्तूची पोच मला लागते.

अंजना


पोच

माझा शाळा सोडल्याचा मूळ दाखला श्रीमती अंजना वालदे, वडसा, यांच्याकडून मला कोणत्याही अटीशिवाय परत मिळाला. श्रमरंग नाट्यमंडळाशी माझा कोणताही करार नाही व नव्हता.

नाव: दिव्यानी सोमाजी
वय:
सही:

वयाची जागा मी मोकळी ठेवली आहे. ती तुझ्या हाताने भर.